विदर्भात तारे पाहायला जायचं तर: तारीख, वावर, बाज आणि दक्षिणेकडचं मोकळं आकाश

तारे पाहायचे म्हटलं की आपल्याकडच्या पोट्ट्यांच्या डोक्यात दोनच जागा येतात, एक लडाख नाहीतर कोकणातला समुद्रकिनारा. आणि इकडे नागपूरपासून सत्तरेक किलोमीटरवरचा आपला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झाला, ते बऱ्याच जणांना माहीतही नाही. डार्कस्काय इंटरनॅशनल नावाची संस्था हा दर्जा देते आणि त्यासाठी तिथल्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले दिवे बदलून खाली तोंड केलेले लावले. पण हा लेख फक्त पेंचबद्दल नाही. तुमच्या मामाचं वावर म्हणजे शेत असेल, मित्राचं गाव असेल, तिथं सहा-आठ जणांनी मिळून एक अख्खी रात्र काढायची तर काय काय ठरवावं लागतं, ते सगळं इथं सांगतो. टेलिस्कोप लागत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, आपल्याकडे यासाठी सगळ्यात चांगली वेळ डिसेंबर नाही, फेब्रुवारी-मार्चची अमावस्या आहे, आणि जागा निवडताना पहिले दक्षिण बाजू पाहायची, बाकी सगळं नंतर.

तारीख कशी काढायची

पहिले भिंतीवरचं कालनिर्णय पाहा, मोबाईल ॲप नंतर. चंद्र वर असला की अर्धे तारे गायब होतात, मग तुम्ही किती का आडरानात जाऊन बसा. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवायचं, तारे पाहायच्या भानगडीत पडायचं नाही.

सोपा हिशोब असा की संकष्टीचा चंद्रोदय घरात कोणालातरी माहीत असतोच, साधारण साडेआठ ते साडेनऊच्या मधे कुठेतरी. त्यानंतर चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, म्हणजे वद्य सप्तमीला बाराच्या सुमारास येईल, तर ज्यांना जेवून तीन-चार तासच बसायचंय त्यांना सप्तमीपासून पुढचा कोणताही दिवस चालतो. अख्खी रात्र जागायची असेल तर वद्य द्वादशी ते शुद्ध तृतीया, एवढ्याच दिवसांतला शनिवार शोधा. तृतीयेची कोर संध्याकाळी दिसते आणि साडेआठ-नऊपर्यंत मावळून जाते, ती काही त्रास देत नाही, उलट दुर्बिणीतून छान दिसते.

अमावस्येला रात्री वावरात कशाला जाता म्हणून घरचे अडवतील, आजी तर हमखास अडवेल. वाद घालू नका, दोन दिवस आधी नाहीतर दोन दिवस नंतर जा, आकाशात काडीचा फरक पडत नाही. किंवा सरळ महाशिवरात्र धरा. ती वद्य चतुर्दशीला येते म्हणजे चंद्र जवळजवळ नसतोच, लोक तसेही जागे असतात, आणि देवाच्या रात्री जागायला कोणी नाही म्हणत नाही! फक्त मार्कंड्यासारख्या जत्रेच्या ठिकाणाजवळ जागा निवडू नका, तिथं लाईट आणि लाऊडस्पीकर दोन्ही असतात.

आता महिना कोणता. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत पावसाचं आकाश, विषय संपला. ऑगस्टमधला तो प्रसिद्ध ययातीचा उल्कावर्षाव आपल्या नशिबात जवळजवळ नसतोच. ऑक्टोबरात हवा एकदम स्वच्छ असते पण वावरात कपाशी-तूर उभी, खाली ओल, डास, साप आणि रानडुकरं. दिवाळीची अमावस्या अंधाराची खरी, पण फटाक्यांचा धूर आठवडाभर हटत नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडी असते ती सोसता येते हो, पण पहाटेची धुई म्हणजे धुकं आणि दव यांनी दुर्बिणीची काच, पांघरूण, वही सगळं भिजतं. १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुन राशीतला उल्कावर्षाव मात्र सोडू नये, वर्षातला सगळ्यात जोरदार तोच, त्या वर्षी तेव्हा चंद्र नसेल तर धुई गेली उडत. आणि मे महिन्यात दिवसा पंचेचाळीस डिग्रीत भाजून निघाल्यावर रात्री अंगणात बाज टाकून झोपताच ना, तेव्हा दक्षिणेकडचे तारे बघून घ्या, पण धुळीनं आकाश पांढुरकं असतं.

राहिला फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चचा पहिला भाग. धुई संपलेली, तूर निघालेली, हरभऱ्याची सोंगणी होत आलेली म्हणजे बसायला मोकळं रान मिळतं, थंडी एका जाड रगाएवढी. मोहफुलांचा हंगाम अजून लागलेला नसतो, तो लागला की जंगलात झाडाखालचा पाला जाळतात आणि आगी पसरून क्षितिजावर धुराचा पट्टा येतो. आणि मुख्य म्हणजे या एकाच रात्रीत संध्याकाळी मृग, मध्यरात्रीनंतर त्रिशंकू (दक्षिणेला अगदी खाली दिसणारे पतंगासारखे चार तारे) आणि पहाटे आकाशगंगेचं केंद्र, तिन्ही बघायला मिळतं. एकच भीती, अवकाळी आणि गारपीट. त्यासाठी तीन दिवस आधीपासून हवामान खात्याची उपग्रहाची चित्रं बघा, आणि मोबाईलवर दामिनी ॲप ठेवा, ते आजूबाजूला वीज पडायची शक्यता असली की सांगतं. ढग नुसते आले तर थांबता येतं, वीज कडाडायला लागली तर मोकळ्या वावरातून उठायचं आणि पक्क्या घरात नाहीतर गाडीत बसायचं, झाडाखाली अजिबात जायचं नाही.

जागा: आधी दक्षिण पाहा

आपण साधारण १९ ते २१ अंश अक्षांशावर आहोत. याचा अर्थ उत्तरेला ध्रुव क्षितिजापासून वीसेक अंश वर, आणि दक्षिणेला असे बरेच तारे दिसतात जे दिल्लीवाल्यांना दिसत नाहीत किंवा कसेबसे दिसतात. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते, हे एकच माप लक्षात ठेवा, रात्रभर कामाला येतं. ध्रुव दोन मुठी वर. अगस्त्य तारा दक्षिणेला दीड मूठ वर. त्रिशंकूचा वरचा तारा एक मूठभर आणि खालचा अर्ध्याच मुठीवर. म्हणजे दक्षिणेला जवळच आंब्याचं झाड, टेकडी किंवा गोठा असला तर त्रिशंकू गेला.

म्हणून दिव्यांचं गाव तुमच्या उत्तरेला असलं पाहिजे, तुम्ही त्याच्या दक्षिणेला. पेंचला अंधार चांगलाच आहे, पण तिथून दक्षिणेकडे पाहिलं की त्याच बाजूला नागपूर येतं. दक्षिणेला जायचं म्हणाल तर बुटीबोरीची एमआयडीसी आणि उमरेडच्या कोळसा खाणीचे दिवे मागे टाकावे लागतात. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, गडचांदूर या पट्ट्यात वीज केंद्र, खाणी, सिमेंट, रात्रभर आकाश पिवळं, तिकडच्यांनी लांब जायला पर्याय नाही. यवतमाळचा पुसद-दिग्रसकडचा डोंगराळ भाग, वर्ध्याचं आर्वी-कारंजा, मेळघाटाच्या पायथ्याची गावं, भंडारा-गोंदियात तलावांच्या बाजूची गावं, इथं बऱ्यापैकी अंधार मिळतो. चिखलदरा अकराशे मीटर उंच आहे, हवा खालच्यापेक्षा स्वच्छ, पण शनिवार-रविवारी रिसॉर्टांचे दिवे आणि डीजे, आणि मेळघाटातल्या रस्त्यांवर रात्री वनखात्याच्या नाक्यावर अडवू शकतात, आधी विचारून घ्या. लोणारचं सगळे नाव घेतात, विवराची जागा म्हणून मस्तच, पण गाव अगदी काठाला चिकटून आहे म्हणून दिवे डोळ्यात येतात, आणि खाली उतरायचं तर ते अभयारण्य आहे, रात्री नाही.

इंटरनेटवर प्रकाश प्रदूषणाचे नकाशे फुकट मिळतात, त्यात तुमचं गाव शोधा. अमेरिकेतल्या जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये १ ते ९ अशी अंधाराची मोजपट्टी केली, १ म्हणजे काळंकुट्ट, ९ म्हणजे शहराचा मध्य. ४ किंवा त्याच्या खाली आकडा आला तर जा. पण नकाशावर भरवसा ठेवून थेट दहा माणसं घेऊन जाऊ नका, कारण मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीनं चौकात हायमास्ट लावला असला तर तो नकाशात नसतो. एकदा दोघांनीच जाऊन अंधार पडल्यावर बघून या. कृत्तिकेत सहा-सात तारे सुटे मोजता आले, सप्तर्षीतल्या वसिष्ठाजवळची अरुंधती सहज दिसली आणि डोक्यावर आकाशगंगेचा फिका पट्टा ओळखू आला, की जागा पक्की. आणि हो, हायमास्ट बंद करा म्हणून सरपंचाच्या मागे लागू नका, गावाला तो साप-विंचवासाठी लागतो. तुम्ही अर्धा किलोमीटर पुढे सरका नाहीतर गोठ्याच्या भिंतीआड बसा.

ही चक्कर दिवसाउजेडी पण एकदा व्हायलाच पाहिजे. कठडा नसलेली विहीर कुठं आहे, शेततळं कुठं आहे, हे डोळ्यांनी बघून घ्या. प्लास्टिक टाकलेलं शेततळं तर विहिरीपेक्षा वाईट, आत घसरलेला माणूस, पोहता येत असलं तरी, त्या गुळगुळीत उतारावरून वर चढू शकत नाही. लहान मुलं सोबत असतील तर शेततळ्याच्या बाजूचं वावर नकोच. मामा तलावाची, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाची, पाळ क्षितिजासाठी झकास असते, पण तिथं ओल, निसरडं आणि दगडांच्या फटीत साप, म्हणून पाळीवर बसण्यापेक्षा तलाव दक्षिणेला ठेवून बरंच मागे बसा, तेवढंच मोकळं दिसतं.

वाघ, डुक्कर आणि तारेतला करंट

हा भाग वाचून सोडून देऊ नका. विदर्भात रात्री वावरात बसायचं म्हणजे कोकणातल्या वाळूत बसण्यासारखं नाही.

सगळ्यात मोठा धोका वाघाचा नाही, तारेचा आहे. रानडुकरं पीक नासवतात म्हणून काही जण धुऱ्यावर (बांधावर) तार लावून त्यात थेट लाईनचा करंट सोडतात. ते बेकायदा आहे, त्यानं जनावरं मरतात आणि माणसंही मरतात. सोलरवरची झटका मशीन वेगळी, ती ठेका धरून झटके देते, जीव जात नाही, पण अंधारात हात लावून कोणती तार कोणती ते तपासणार आहात काय? म्हणून ज्याचं वावर आहे तोच माणूस सोबत पाहिजे, आजूबाजूच्या वावरवाल्यांना आदल्या दिवशी सांगितलं पाहिजे, आणि रात्री एका वावरातून दुसऱ्या वावरात कोणीही जायचं नाही, लघवीलाही नाही. पांदण रस्ता आणि बसायची जागा एवढंच आपलं जग.

शेतकऱ्याला पंपाची लाईट पुष्कळदा रात्रीच मिळते म्हणून ओलिताला आणि जागलीला लोक रात्री वावरात असतात. तुम्ही लाल दिवे घेऊन गुपचूप बसलात तर ते चोरच समजतील. पोलीस पाटलांना आणि गावात दोन-चार लोकांना सांगून ठेवा, गाड्यांचे नंबर देऊन ठेवा. जागलीवरचे काका आले तर चहा द्या, त्यांची बॅटरी दहा मिनिटं तुमच्यावर मारतील, मारू द्या.

जंगलाला लागून असलेलं वावर नको. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या बाजूच्या लोकांना हे सांगायची गरज नाही, तिकडे दिवसाही माणसं एकट्यानं जात नाहीत, आणि त्या भागात ही रात्र गावातल्या शाळेच्या गच्चीवरच काढा असं मी म्हणीन, थोडा उजेड सहन करून. मोह फुलायला लागला की अस्वलं रात्री-पहाटे झाडाखाली येतात, त्यामुळे मोहाजवळ बसायचं नाही. व्याघ्र प्रकल्पात किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री थांबणं गुन्हा आहे.

साप. मण्यार रात्री फिरते, उंदरांच्या मागे घरात-गोठ्यात येते आणि खाली झोपलेल्या माणसाला चावते, चावलेलं पुष्कळदा कळतही नाही, दुखत नाही, सूज नाही. म्हणून जमिनीवर सतरंजी टाकून झोपणं बंद. गावातून बाजा आणा, प्रत्येक घरी एखादी असतेच, चार-पाच गोळा होतात, तारे बघायला बाजेसारखं साधन नाही, मान दुखत नाही. पायात बूट, चालताना खाली टॉर्च. कोणाला काही चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं, झाडफूक काही नाही, हालचाल कमी करायची, १०८ ला फोन लावायचा आणि जिथं सापाचं औषध आहे त्या दवाखान्यात न्यायचं. ते कोणत्या दवाखान्यात मिळतं आणि तिथं जायला किती वेळ लागतो, हे दिवसाच्या चक्करीत विचारून ठेवायचं काम एका माणसाला द्या. वावरात मोबाईलला रेंज कुठं येते तेही त्यानंच बघायचं.

सोबत काय न्यायचं

दुर्बीण घ्या, ७ बाय ५० किंवा १० बाय ५० ची, पाच-सहा जणांत एक-दोन पुरतात. पहिल्यांदा जाताना टेलिस्कोप विकत घेऊ नका, ऑनलाईन मिळणारे ते सातशेपट-आठशेपट लिहिलेले स्वस्त टेलिस्कोप तर अजिबातच नाही, स्टँड हलतो, काही सापडत नाही, आणि मग तो माळ्यावर पडतो. दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ, कृत्तिका, देवयानीतली आकाशगंगा, गुरूचे चंद्र एवढं सगळं दिसतं, हात मात्र टेकवून धरायचे. शनीची कडी दुर्बिणीत नाही दिसत, ती पाहायची तर टेलिस्कोपवाला मित्र शोधा.

टॉर्चला लाल जिलेटिन पेपर रबरानं गुंडाळा, दोन-तीन घड्या करून. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोतात ती पूर्ण जाते, पुन्हा पहिल्यापासून. लाल मंद उजेडानं तेवढी मोडत नाही. रीळ बघणारा एक जण सगळ्यांची रात्र खराब करतो, तेव्हा मोबाईल एका पिशवीत जमा करा, नकाशासाठी एकच बाहेर, त्यात स्टेलॅरियम टाकून नाईट मोड लाल करायचा. वावरात नेट चालत नाही म्हणून ॲप घरीच उघडून गावाचं ठिकाण टाकून ठेवा. पण चालायला लागलं की पांढरी टॉर्च, साप आकाशापेक्षा महत्त्वाचा. गाडीचं दार उघडलं की आतला दिवा लागतो, तो आधीच बंद करून ठेवा, आणि गाड्या तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा म्हणजे निघताना हेडलाईट सगळ्यांच्या डोळ्यात जात नाही.

हिरवा लेझर असेल तर तो एकाच मोठ्या माणसाकडे, विमान दिसलं की बंद. नागपूरवरून रात्रभर विमानं जातात.

रग, कानटोपी, मोजे, डास पळवायची मलम, पाण्याचे कॅन, थर्मासात चहा. जेवण संध्याकाळीच उरकून घ्या. रोडगे-वांग्याचा बेत करायचाच असेल तर अंधार पडायच्या आत आर पूर्ण विझलेला पाहिजे, कारण गोवऱ्यांचा धूर आणि निखाऱ्याचा उजेड दोन्ही नको, आणि सुकलेल्या रानात आग तर नकोच नको. रात्रीसाठी शेंगदाणे, चिवडा, गुळाची पोळी असलं कोरडं. सावजी खाऊन रात्रभर वावरात बसायची हिंमत असेल त्यानं आपापलं बघावं.

रात्र कशी लावायची

हे वेळापत्रक मार्चच्या सुरुवातीचं आहे, पंधरा दिवस आधी गेलात तर ताऱ्यांच्या वेळा एक तास उशिरा धरा.

पाच-साडेपाचला पोचा. बाजा लावून घ्या, सगळ्यांचे पाय दक्षिणेकडे. सव्वासहा-साडेसहाला सूर्य बुडतो, पण पूर्ण अंधार व्हायला अजून सव्वा तास लागतो. साडेसात-पावणेआठला पश्चिमेकडे नीट बघा, संधिप्रकाश संपल्यावरसुद्धा क्षितिजापासून वर निमुळता होत गेलेला एक फिका उजेड दिसतो. ते कोणत्या गावाचे दिवे नाहीत, सूर्याभोवतीच्या धुळीवरून परतलेला प्रकाश आहे, राशिचक्रीय प्रकाश म्हणतात त्याला, आणि फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी तो आपल्याकडून चांगला दिसतो. हा दिसला तर समजा जागा फार चांगली मिळाली.

आठला तोंड दक्षिणेकडे करा. सगळ्यात ठळक तारा व्याध, पाच मुठी वर. त्याच्या सरळ खाली या, क्षितिजापासून दीड मुठीवर एकटाच चमकणारा तो अगस्त्य, रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या नंबरचा तेजस्वी तारा. व्याधाच्या वर उजवीकडे मृग, मधले तीन तारे म्हणजे तिकांडं, ते गावातल्या कोणालाही दाखवावं लागत नाही. तिकांड्याच्या खाली दुर्बीण लावली की तेराशेच्या वर प्रकाशवर्षं दूर असलेला ढग दिसतो, तिथं नवे तारे तयार होतात. काक्षीचा तांबूस रंग आणि राजन्याचा निळसर पांढरा, दोन्ही एकामागोमाग बघा, ताऱ्यांना रंग असतात हे पोरांना इथंच पहिल्यांदा पटतं. पश्चिमेला रोहिणी आणि कृत्तिका. देवयानीतली आकाशगंगा पाहायची तर अंधार पडल्या पडल्या वायव्येला खाली शोधावी लागते, उशीर केला की गेली. पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर आहे ती, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी सगळ्यात लांबची सोपी वस्तू.

या वेळेला गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाबाजींना घेऊन या. सप्तर्षी वर येतच असतात, बाबाजी त्यांना खाटलं म्हणतील, चार ताऱ्यांची बाज आणि मागून येणारे तीन चोर. गोंड, कोरकू, कोलाम या आपल्या लोकांचं आकाशाचं ज्ञान टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी गावोगावी जाऊन लिहून ठेवलंय, म्हणजे मुंबईहून लोक येऊन विचारून गेले आणि आपण आपल्याच आजोबाला विचारत नाही. ॲपमधली ग्रीक नावं नंतर शिकता येतात.

दहाच्या सुमारास बाजेवर उताणे पडा आणि दुर्बीण सरळ डोक्यावर धरा. पुष्य नक्षत्र तेव्हा आपल्या अगदी माथ्यावर असतं, नुसत्या डोळ्याला धुरकट ठिपका, दुर्बिणीत ताऱ्यांचा भरगच्च पुंजका. नंतर मघा वर येते, उत्तरेला सप्तर्षीची पुढची दोन टोकं धरून सरळ गेलात की ध्रुव, आणि सप्तर्षीच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली की पूर्वेला केशरी स्वाती, अजून पुढे चित्रा. हे एवढं पोरांना जमलं की त्यांना झोपवा.

बारा ते दोन आकाश जरा मंद असतं, मोठ्यांनीही या वेळेत पाळीपाळीनं झोपून घ्यावं, एकानं जागं राहून.

दोनला उठायचं. चूळ भरा, चहा घ्या आणि दक्षिणेकडे अगदी खाली बघा. पतंगासारखे चार तारे, त्रिशंकू. क्षितिजावर धूळ असली तर खालचा तारा मिळत नाही, वरचे तीन तरी मिळतात. तीनपर्यंत त्याच्या डावीकडे मित्रक आणि मित्र हे दोन ठळक तारे वर येतात. मित्र म्हणजे सूर्य सोडला तर आपल्या सगळ्यात जवळचा शेजारी तारासमूह, ४.४ प्रकाशवर्षं. याच वेळेला त्रिशंकूच्या वर डावीकडे, क्षितिजापासून दोन मुठींवर एक पुसट तारा आहे, त्यावर दुर्बीण लावा. तो तारा नाही, लाखो ताऱ्यांचा गोळा आहे, ओमेगा सेंटॉरी. युरोपातून बहुतेकांना हा दिसतच नाही, आपल्याला पऱ्हाटीच्या वावरातून दिसतो.

चार ते सव्वापाच ही वेळ कोणीही झोपून घालवू नका. आग्नेयेला वृश्चिक पूर्ण उभा राहिलेला असतो, मधे लाल ज्येष्ठा, शेपटीला मूळ, आणि त्याच्या डावीकडून आकाशगंगेचा जाड पट्टा वर येतो, मधे काळे डाग असलेला. ते ढग नाहीत, धूळ आहे ताऱ्यांच्या मधली. आकाशगंगेचं केंद्र वृश्चिकाच्या शेपटीच्या डावीकडे, धनू राशीत. दुर्बीण घेऊन या पट्ट्यातून नुसती सावकाश फिरवा, नाव-बिव शोधू नका. साडेपाचला पूर्व उजळायला लागते आणि संपतं.

फोटोचं थोडक्यात. मोबाईलला ट्रायपॉड, नाईट मोड किंवा प्रो मोड, १५ ते २० सेकंद, आयएसओ १६०० ते ३२००, फोकस अनंतावर, टायमर लावून, म्हणजे बोट लागून हलत नाही. दहा मिनिटं त्याला द्या, अर्धी रात्र नको.

समुद्रावरच जायचं असेल तर

तारकर्ली, मालवणकडे फिरायला जाताय आणि तिथं तारे बघायचेत, तर एक फायदा आहे, ते आपल्यापेक्षा पाचेक अंश दक्षिणेला आहे म्हणून त्रिशंकू अर्धी मूठ अजून वर येतो. पण किनाऱ्याची दमट हवा क्षितिज पुसून टाकते, समुद्र पश्चिमेला आहे, दक्षिणेला नाही, आणि मासेमारीच्या होड्यांचे दिवे असतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण अमावस्या धरून जातो आणि नेमकं अमावस्येलाच उधाण असतं, भरती नेहमीपेक्षा वर येते. विदर्भातल्या माणसाला हे अंगवळणी नसतं. भरतीची वेळ तिथल्या लोकांना विचारून, ओल्या वाळूच्या बरंच वर बसा आणि रात्री पाण्यात उतरू नका.

पेंचला जायचं ठरलं तर वनखात्याकडे आधी चौकशी आणि नोंदणी करून जा, वाघोली तलावाच्या बाजूला आकाश बघायचं मचाण केलेलं आहे. लहान मुलं आणि म्हातारे आई-वडील सोबत असतील तर वावरापेक्षा हेच बरं, राहायला खोली मिळते आणि जनावरांची जबाबदारी तुमच्या डोक्यावर राहत नाही. आणि पोरांची तयारी म्हणून महिनाभर आधी नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातल्या तारांगणात एक शो दाखवून आणलात तर वावरात प्रश्न चांगले विचारतात.

सकाळी उजेड झाल्यावर बाजेखाली बघूनच पाय खाली टाका, बूट झटकून घाला, विंचू आत बसतो. रॅपर, बाटल्या, जिलेटिनचे तुकडे सगळं पिशवीत भरून परत न्यायचं, प्लास्टिक गाईच्या पोटात जातं. ज्याच्या घरच्या बाजा आणल्या त्या पोचत्या करा, वावरवाल्या भाऊंना विचारून फाटक लावा. आणि गाडी चालवणारा जो असेल त्यानं गावातच कोणाच्या घरी दोन-तीन तास झोपून मग निघायचं, बाकीच्यांनी तोवर पोहे खात बसावं.